रोहिणीचा डावा गाल

संभाजीनगरला चार दिवस राहून आले आणि वेरूळ-अजिंठा पाहिलं नाही, असं सांगितलं की कोल्हापुरातले लोक माझ्याकडं काशीला जाऊन गंगेत न उतरलेल्या बाईकडं बघावं तसं बघतात. मकबराही पाहिला नाही. येताना हिमरू शाल आणली नाही. पाहिलं ते पैठण रस्त्यावरचं चितेगाव, एका कॉलेजातला काळे पडदे लावलेला हॉल आणि छावणीतला, म्हणजे तिथल्या कॅन्टोन्मेंटातला, एक फोटो स्टुडिओ. तरीही लिहायला बसले आहे, कारण लिहिल्याशिवाय ते चार दिवस डोक्यातून जातील असं वाटत नाही.

गेले होते व्याख्यान द्यायला. विषय होता अठराव्या शतकातल्या इंग्रजी व्यक्तिचित्रांमधला डौल आणि पोशाख. साटिनचे घेरदार झगे, पावडर लावलेले उंच केस, हातात पंखा, मागं झाडं आणि ढग, अशा त्या बायका. मी विलायतेला गेलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. पंचवीस वर्षं ज्या चित्रांवर शिकवलं त्यांतली मूळ चित्रं मी दोनच पाहिलीत, तीही कोलकात्याला, काचेआड, पहारेकऱ्याच्या नजरेखाली. बाकी सगळा पुस्तकी कारभार. पण बोलायला लागले की समोरच्याला वाटतं, या बाई त्या झग्यांच्या घरीच वाढल्या असाव्यात.

मला बोलावलं होतं रोहिणीनं. ती माझ्या मैत्रिणीची, विजयाची, एकुलती एक मुलगी. वय चोवीस. शहरातल्या एका फॅशन डिझाइनच्या कॉलेजात कापड बेतायला आणि शिवायला शिकवायची. "मावशी, आमच्या पोरींना मोबाईलमधल्या सोडून दुसऱ्या बायकाच माहीत नाहीत. तुमच्या त्या घेरवाल्या घेऊन या," असं फोनवर म्हणाली आणि माझं तिकीटही तिनंच काढलं. मग दिवाळी झाली, आणि भाऊबीजेनंतर आठवड्याभरात तिला डेंग्यू झाला. चार दिवसांत ती गेली.

मी तिकीट रद्द करणार होते. विजयाचाच फोन आला. "सुमे, तू ये. लेक्चर दे. तिनं हॉल घेऊन ठेवलाय." एवढंच बोलून तिनं ठेवला.

चितेगाव

मी पोचले त्या दिवशी दहावा होता. बसमध्ये कंडक्टर संभाजीनगर म्हणत होता, शेजारचे म्हातारबाबा औरंगाबाद म्हणत होते; उतरलो दोघं एकाच स्टँडवर. तिथून चितेगाव वीसेक किलोमीटर. रस्त्याला धूळ इतकी की कडेच्या झाडांची पानं कुठल्या रंगाची ते कळत नव्हतं. एका बाजूला कंपन्यांचे पत्रे आणि चिमण्या, दुसऱ्या बाजूला फुटलेला कापूस. कंपनीचे डबे घेतलेली माणसं कापसातूनच पायवाटेनं शिफ्टला चालली होती.

विजयाचा नवरा, भाऊसाहेब, पैठणहून दहावा करून नुकतेच आले होते. मुंडण केलेलं डोकं उन्हानं लाल झालेलं. मला बघून "या सुमनताई" म्हणाले आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या चार दिवसांत ते माझ्याशी यापलीकडं काही बोलल्याचं आठवत नाही. अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायचे.

घर चालवत होत्या त्यांच्या थोरल्या बहीण. सगळे त्यांना आक्का म्हणत. कोण आलं, कोण आलं नाही, चहा कुणाला, सतरंजी कुठं, सगळं त्यांच्या जिभेवर. आमच्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं की माणसं हळूहळू आपापल्या कामाला लागतात. इथं तेरवीपर्यंत ओसरी रिकामी होत नव्हती. शेजारपाजारच्या घरांतून भाकरी, पिठलं, येसराची आमटी येत होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याची आमटी मी पहिल्यांदाच खाल्ली. फार चांगली होती, आणि ती चांगली लागतेय याची मला लाज वाटली.

विजया आत कोपऱ्यात बसली होती. आम्ही दोघी चित्रकलेच्या डिप्लोमाला पुण्यात एका खोलीत राहत होतो. खरं सांगायचं तर तिचा हात माझ्यापेक्षा सरस होता. समोर बसलेल्या माणसाचं तोंड ती पंधरा मिनिटांत हुबेहूब उतरवायची, आणि मी शेजारी बसून खोडरबर झिजवायचे. लग्न झालं आणि तिच्या हातातला कुंचला सुटला. मी लग्न केलं नाही आणि माझ्या हातात खडू आला. मी जवळ बसले तशी ती म्हणाली, "जेवलीस का?"

त्या घरात एक शब्द कधी उच्चारला जात नसे. रोहिणीला कोड होतं. सतराव्या वर्षी डाव्या डोळ्याखाली भुईमुगाच्या दाण्याएवढा पांढरा डाग उठला आणि मग पसरत गेला. घरात त्याला 'ते' म्हणत. 'ते' थांबलंय का, 'ते' वाढलंय का. औषधं झाली, लेप झाले, लांबलांबचे वैद्य झाले. स्थळं यायची आणि 'ते' कळलं की जायची. मी मोठी शिकलेली बाई, शहाणी. मी काय केलं? गेल्या वर्षी ती कोल्हापुरात माझ्याकडं आठवडाभर राहिली, तेव्हा तिच्याशी बोलताना मी तिच्या टिकलीकडं बघत बोलले. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

संध्याकाळी आक्कांनी सांगितलं, "तेरवीचा फोटो उद्या यील. छावनीतल्या अन्वरभाईला सांगितलंय, शालूतला कर म्हनून. पोरीला शालू नेसायचं नशिबी नव्हतं, फोटूत तरी नेसू दे."

ही तिकडची रीत. आपल्याकडंही आहे म्हणा. गेलेल्या माणसाचं फक्त तोंड स्टुडिओवाल्याकडं पाठवायचं, खालचं अंग तो देतो. कोल्हापुरात जन्मभर टोपी घातलेल्या माणसाला मेल्यावर फेटा बांधतात. तिकडं जन्मभर धोतर नेसलेल्याला कोट आणि टाय.

व्याख्यान

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. प्रोजेक्टरचा रंग बिघडलेला होता. पडद्यावरच्या सगळ्या उमरावणी हिरव्यागार, बोट लागल्यासारख्या. साठेक मुली हसल्या आणि मला जरा बरं वाटलं. सुतकाच्या घरातून आल्यावर कुणीतरी मोठ्यानं हसलेलं ऐकायला हवं होतं.

मी त्यांना सांगितलं, की हा जो झगा तुम्ही बघताय तो बहुतेक वेळा नावाजलेल्या चित्रकारानं काढलेलाच नाही. चित्रकार तोंड काढायचा. बाईसाहेब दोन-चार बैठका द्यायच्या, की झालं. मग ते कॅनव्हास कापडं काढणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडं जायचं. तो साटिनची घडी, लेस, मोत्यांचा सर रंगवायचा, झगा लाकडी बाहुलीला किंवा एखाद्या मोलकरणीला घालून. हातसुद्धा कधी कधी तिसरीचेच. तुमच्याकडं महालक्ष्म्या बसवतात तसंच म्हणा. मुखवटा पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि साडी नेसवणारी दरवर्षी वेगळी.

मग मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं. त्या काळी देवीची साथ घरोघर होती. अर्ध्या लोकांच्या तोंडावर वण असायचे. बायका शिशाचा सफेदा फासायच्या, वणावर काळ्या रेशमाच्या टिकल्या चिकटवायच्या. आणि या चित्रांत बघा, एका तरी गालावर वण दिसतो का? चित्रकार फार दयाळू होते. या वाक्याला पंचवीस वर्षं हशा पिकत आलाय. इथंही पिकला.

मागच्या रांगेत एक शिक्षिका बसली होती. डोक्यावर ओढणी, मांडीवर वही. ती उभी राहिली. "मॅडम, एकदोघींनी तरी म्हटलं असेल ना, की राहू द्या, काढू नका?"

मी म्हणाले, "असेल. मला माहीत नाही." आणि पुढच्या चित्रावर गेले. खरोखरच मला माहीत नव्हतं, आणि तो प्रश्न मला कधी पडलाही नव्हता.

तिचं नाव नौशीन. रोहिणीची सहकारी, राहायला छावणीत. व्याख्यान संपल्यावर तिनं मला आग्रहानं जेवायला नेलं. नान-खलिया. मोठ्या तव्याएवढा पिवळसर नान आणि तर्री आलेलं मटण. मटणाच्या बाबतीत कोल्हापूरकर सहसा दुसऱ्या गावाला मोठेपण देत नाही, पण इथं मी मुकाट्यानं बोटं चाटली. सुतकाच्या घरची पाहुणी आणि मटण खातेय, हे मधूनच आठवत होतं. नौशीनला ते कळलं असावं.

"रोहिणी नुसता नान खायची," ती म्हणाली. "सालन नाही. माझ्या डब्यातला अर्धा नान तिचा. तिच्या डब्यातली मेथीची भाजी माझी. तीन साल." मग म्हणाली, "तिचं सामान आहे कॉलेजात. कैची, टेप, डबा. मी घरी आणून ठेवते. आंटींना कसं द्यायचं, तुम्ही सांगा."

फोटो

चितेगावला परतले तेव्हा चारचा चहा चालला होता. अन्वरभाईंचा फोटो आक्कांच्या मोबाईलवर आला होता. छापायच्या आधी घरच्यांना दाखवायची पद्धत असते. आक्कांनी तो सगळ्या बायकांना फिरवून दाखवला. "बघा, कशी लक्ष्मी दिसती." हिरवा शालू, खांद्यावर जरीचा पदर, गळ्यात ठुशी, मागं निळं आकाश. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

फोन विजयाच्या हातात आला. तिनं तो लांब धरला, मग जवळ. चष्मा मागून घेतला.

"ही कोन हाय?"

"आगं, आसं काय करती?" आक्का म्हणाल्या. "तुजी लेक हाय."

"माझी लेक अशी नव्हती. हिच्या तोंडावर काहीच नाय." विजयानं फोन जमिनीवर ठेवला. "मला तिचे डाग पाहिजेत."

आक्का तिच्यासमोर मांडी घालून बसल्या, आणि मी सांगते, त्या बाईंच्या आवाजात दुष्टावा अजिबात नव्हता. "विजे, जित्तेपनी पोरीनं लई सोसलं. आता मेल्यावर तरी तिला सुदं तोंड मिळू दे की. चार पावनं येतील, बघतील. मेलेल्या पोरीचं कोड दाखवायचं का लोकांला?"

तो शब्द पहिल्यांदाच त्या घरात मोठ्यानं उच्चारला गेला. अंगणातल्या खुर्चीवर भाऊसाहेबांनी मान वळवली, आणि परत रस्त्याकडं बघू लागले.

विजया म्हणाली, "दाखवायचं. भिंतीवर परक्या बाईला हार घालून मी रोज दिवा लावू व्हय?"

मग आम्ही दोघींनी शोधाशोध केली. आधारकार्डावरची रोहिणी चौदा वर्षांची होती, डाग उठायच्या आधीची. मोबाईलमधले सगळे फोटो त्या गोरं करणाऱ्या अ‍ॅपमधून काढलेले. लग्नांमधल्या फोटोंत ती कायम उजवी बाजू पुढं करून उभी, नाहीतर ओढणी गालापर्यंत. स्थळांना पाठवलेले चार-पाच मोठे फोटो होते, तेही अन्वरभाईंकडचेच, साफ केलेले. चोवीस वर्षांच्या मुलीचे दोनेकशे फोटो निघाले आणि त्यांत तिचं तोंड कुठंच नव्हतं.

"अन्वरभाईकडं मूळ फोटो असतील," मी म्हणाले. विजया मान खाली घालून बसली.

छावणी

तेरवीच्या आत घरातल्या बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो. सकाळी विजयानं चप्पल घातली तेव्हा आक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. विजया म्हणाली, "आक्का, बाजूला व्हा. पाया पडते तुमच्या." आणि खरोखरच वाकली. आक्का बाजूला झाल्या.

छावणीतले रस्ते सरळ, झाडं जुनी. बाजारात शिंप्यांची दुकानं, गणवेश आणि बिल्ले विकणारी दुकानं, आणि दोन जिन्यांच्या मध्ये दडलेला अन्वरभाईंचा स्टुडिओ. नौशीनला मी फोन करून तिथंच बोलावलं होतं, रोहिणीच्या सामानाची पिशवी घेऊन. ती आधीच बाकावर बसली होती. विजयाला बघून उठली, आणि तिनं पिशवी पुढं केली. विजयानं ती न उघडता मांडीवर घेतली.

अन्वरभाई साठीचे. वडिलांपासूनचा धंदा. निगेटिव्हवर पेन्सिलनं सुरकुत्या मिटवण्यात हयात गेलेली, आता तेच काम कॉम्प्युटरवर. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी मोठ्या अभिमानानं आपला साठा दाखवला. नुसती अंगं. कोट निळा, कोट बिनटायचा, फेटा, शालू हिरवा, शालू लाल, लुगडं पांढरं. मानेच्या वर पोकळी. शालूच्या दोन्ही अंगांची बाई एकच होती, कुठल्यातरी जुन्या जाहिरातीतली. जिल्ह्यातल्या किती गेलेल्या बायकांची तोंडं त्या मानेवर बसली असतील कोण जाणे. काल साठ मुलींना हसत हसत सांगितलेला तो कापडं काढणारा कारागीर माझ्यासमोर बसला होता, आणि मला हसू येत नव्हतं.

"मंगळसूत्र काढलं मी त्यातनं," ते हळू आवाजात म्हणाले. "बच्ची कुंवारी होती ना. लई मेहनत लागली."

विजया म्हणाली, "अन्वरभाई, तिचे पयले फोटो द्या. साफ करायच्या आधीचे."

अन्वरभाईंनी माऊसवरचा हात काढला. "ताई, ओरिजनल कुठंय?"

"काढले तर तुम्हीच हुते."

"काढले. तीन सालात चार बार काढले. अन् चारी बार तुम्ही हितं माझ्या खुर्चीमागं उभ्या राहून डिलीट करायला लावले. आठवा. कचऱ्याच्या डब्यातनं पन काढायला लावले. म्हनल्या, हे कुठं फिरायला नको. कुणाच्या हाती लागलं तर पोरीचं लगीन होयाचं नाय. मी म्हनलं, ताई, एक राहू द्या. तुम्ही नाय म्हनल्या."

विजया पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, ही आता उठेल. ती उठली, पण खुर्चीकडं गेली. "सरका. मी काढते."

अन्वरभाईंनी तिला त्यांची कॉम्प्युटरवर रेघोट्या ओढायची पेन दिली. तीस वर्षांनी मी विजयाला तोंड काढायला बसलेली पाहत होते. शालू तिनं आधी घालवला. रोहिणीचा एक निळा कुडता होता, स्थळाच्या फोटोतला, तो परत आणायला सांगितला. मग डाव्या डोळ्याखालून सुरुवात केली. हात जरासुद्धा हलत नव्हता. दाण्याएवढा पहिला डाग, त्याची खालची टोकदार कड, मग गालाच्या हाडावरून कानाकडं गेलेली पट्टी. रंग नुसता पांढरा नाही, मधे गुलाबी, कडेला मूळ कातडीपेक्षा जरा काळसर. बघता बघता त्या गुळगुळीत मुखवट्यातून रोहिणी यायला लागली.

गालाच्या मध्यावर येऊन पेन थांबली.

"हितून खाली," विजया म्हणाली. "खाली किती आलं होतं गं?" ती माझ्याकडं बघत होती. "ओठापर्यंत आलं होतं का, सुमे?"

मला आठवेना. आठ दिवस ती मुलगी माझ्या ताटासमोर जेवली होती. पंचवीस वर्षं मी पोरांना सांगत आले, बघायला शिका. मला तिची टिकली आठवत होती, मरून रंगाची.

"मला नाय माहीत," विजया म्हणाली. "मला माहीत नाय गं. मी बघितलंच नाय. दवाखान्यात शेवटी मास्क हुता. घरी ती यायची तवा…"

"घरी यायच्या आधी लावायची," नौशीन म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्याकडं वळलो. ती उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून. "कॉलेजात नाही लावायची काही. दिवसभर तसंच. पाच वाजता बाथरूममध्ये जाऊन क्रीम लावायची, वरून पावडर. मी म्हणायची, उलटा काम करते तू, लोक बाहेर जाताना लावतात. तर म्हणायची…" नौशीननं माझ्याकडं बघितलं, सांगू का म्हणून. मी काहीच खूण केली नाही. "म्हणायची, आईला बघवत नाही."

अन्वरभाई उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले.

विजया रडली नाही. मी रडले, हे कबूल करते. विजयानं पेन खाली ठेवली, खुर्ची नौशीनकडं फिरवली आणि चष्मा काढला. "ये हितं. मला दाखव. कुठंपर्यंत हुतं."

नौशीन पुढं आली. तिनं विजयाच्या डाव्या गालावर बोट टेकवलं आणि हळूच खाली आणलं. गालाच्या मध्यावरून नाकाच्या कडेला, तिथून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. "हे ओठाचं गणपतीच्या आधी सुरू झालं. नवीन होतं. हसली की इथं गुलाबी दिसायचं. अन् इकडं, कानाच्या मागं, एक छोटा. मी रोज समोर बसून खायची ना, आंटी."

"परत दाखव," विजया म्हणाली.

नौशीननं परत दाखवलं. विजया डोळे मिटून बसली होती. तिनं तिसऱ्यांदा दाखवायला लावलं, मग चष्मा घातला आणि पेन उचलली. ओठाचा कोपरा काढायला तिला तासभर लागला.

बाहेर पडताना अन्वरभाई म्हणाले, "ताई, ही फाईल मी ठेवतो. आता तुम्ही म्हनलं तरी डिलीट करनार नाय." विजयानं त्यांच्यापुढं हात जोडले.

तेरवी

चौथ्या दिवशी अंगणात मांडव होता. पाव्हणे शेंद्र्याहून, गंगापुराहून, पैठणहून आले होते. फोटो पाटावर ठेवला होता, निळ्या कुडत्यातली रोहिणी, सरळ समोर बघणारी. माणसं फुलं वाहायला वाकायची, क्षणभर थबकायची, आणि घाईनं मागं सरायची. एक बाई दुसरीला म्हणाली, "छापताना बिघडला काय गं?" दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

आक्कांनी झेंडूचा मोठा हार आणला आणि असा घातला की त्याची डावी बाजू बरोबर गालावर आली. विजया स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि हार सरळ केला. थोड्या वेळानं तो परत गालावर आला होता. विजयानं परत सरळ केला. तीनदा असं झालं. चौथ्यांदा आक्का हाराजवळ गेल्या, हात पुढं केला, आणि फोटोकडं बघत तशाच उभ्या राहिल्या. मग पदर तोंडाशी धरून आत निघून गेल्या. त्यानंतर हाराला कुणी हात लावला नाही.

नौशीन आली होती. मागं बायकांत बसली, जेवायला थांबली नाही. जाताना विजयानं तिच्या हातात रोहिणीचा डबा ठेवला, मेथीची भाजी भरून.

दुपारी पंगती उठल्या, मांडव रिकामा झाला. मी पिशवी भरून निघायच्या तयारीत ओसरीवर बसले होते. पाचची बस होती. विजया पाटाशी पडलेल्या पाकळ्या गोळा करत होती. भाऊसाहेब खुर्चीवरून उठले. तोवर त्यांनी फोटोकडं पाहिलंच नव्हतं, घरी आला तेव्हाही नाही. आता येऊन समोर उभे राहिले, मग गुडघे टेकून खाली बसले. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. बराच वेळ बघत राहिले. मग बोट पुढं केलं आणि काचेला न लावता ओठाच्या कोपऱ्याशी धरलं.

"हे हितं कधी आलं?"

विजयाच्या हातातल्या पाकळ्या तशाच राहिल्या. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"पोळ्यापासनं," ती म्हणाली. "तुमचं ध्यान नसंल."

"नव्हतं," भाऊसाहेब म्हणाले.